सगळीकडे अवेटच? '.देन'वर बंदी घालावी का?

पंचवटीकर
आमच्या टीममध्ये नियम करायचं चाललंय: जावास्क्रिप्टच्या नव्या कोडमध्ये उशिरा येणाऱ्या उत्तरासाठी फक्त असिंक-अवेट (उत्तर येईपर्यंत त्या ओळीवर थांबायचं), '.देन'च्या साखळ्या (उत्तर आलं की पुढचं फंक्शन चालव, असं जोडत जायचं) बंद. माझा पाठिंबा आहे. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) जुन्या प्रोजेक्टमध्ये कॉलबॅकचं, म्हणजे काम झाल्यावर चालवायच्या फंक्शनात फंक्शन अडकवल्याचं, जंगल पुरेसं तुडवून झालंय. २०१५ला प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू) जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात आले, २०१७ला असिंक-अवेट. आता कोड वरून खाली सरळ वाचता येतो, चूक एका ट्राय-कॅचमध्ये सापडते. मग एकाच फाईलमध्ये दोन पद्धती कशाला?

सातपूर_एमआयडीसी
सरळ वाचता येतो, तिथंच माणूस फसतो. कांद्याच्या भावाचं पेज घ्या. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, चार रिक्वेस्ट. पोरं चार अवेट एकाखाली एक लिहून मोकळी होतात. लासलगावचं उत्तर येईपर्यंत पिंपळगावला कोणी विचारतच नाही! प्रत्येकी अर्धा सेकंद धरला तर दोन सेकंद गेले. चारही एकदम सोडल्या की साधारण अर्ध्या सेकंदात काम उरकतं. रिव्ह्यूमध्ये हे दिसतही नाही, कारण कोड छान दिसतो.

पंचवटीकर
यात अवेटचा काय दोष? 'प्रॉमिस.ऑल' (सगळ्या प्रॉमिसची एकत्र वाट पाहणारं) लिहा आणि त्याच्यापुढे अवेट लावा.

सातपूर_एमआयडीसी
आणि मनमाडची रिक्वेस्ट फसली की 'ऑल' तिथंच रिजेक्ट, म्हणजे अपयशी. बाकी तिघांचे भाव आलेले असले तरी हातात काही नाही. प्रत्येक रिक्वेस्टला छोटंसं '.कॅच' (चूक झाली तर काय करायचं ते सांगणारं, '.देन'च्याच साखळीतलं) चिकटवलं की ती एकटीच पडते, इतरांना ओढत नाही. हेच तुम्ही बंद करायला निघालात.

पंचवटीकर
त्यासाठी २०२०पासून 'ऑलसेटल्ड' आहे की, प्रत्येकाचा निकाल वेगळा देतं.

सातपूर_एमआयडीसी
आहे, पण फेच (रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) सर्व्हरच्या ५०० किंवा ४०४ला, म्हणजे चुकीच्या कोडला, रिजेक्ट करतच नाही. 'रिस्पॉन्स.ओके' स्वतः तपासून एरर फेकली नाही, तर 'ऑलसेटल्ड' त्यालाही फुलफिल्ड, म्हणजे यशस्वी, म्हणणार. तुमचा तो एक ट्राय-कॅचही गप्पच.

सिडकोवाली
दोघेही लिहिण्याच्या पद्धतीवरच भांडताय. बाजार शोधायच्या खोक्यात कोणी 'ला' टाइप केलं, मग 'लास'. 'ला'चं उत्तर उशिरा आलं तर ते 'लास'च्या यादीवर जाऊन बसतं. अवेट लिहा नाहीतर '.देन', जुनी रिक्वेस्ट आपोआप रद्द होत नाही. आमच्याकडे आरएक्सजेएस या लायब्ररीचं 'स्विचमॅप' (नवी रिक्वेस्ट आली की जुनी सोडून देणारं) वापरतो, मागच्या रिक्वेस्टची काळजीच नाही.

पंचवटीकर
एका खोक्यासाठी आरएक्सजेएस? अँग्युलर फ्रेमवर्कमध्ये असाल तर ठीक. नाहीतर नवीन माणसाला ऑब्झर्व्हेबल (आरएक्सजेएसमधला, एकामागून एक येणाऱ्या उत्तरांचा प्रवाह) शिकवण्यातच महिना जाईल. 'अबॉर्टकंट्रोलर' (रिक्वेस्ट रद्द करायचं साधन) ब्राउझरमध्येच मिळतो, फेचला सिग्नल द्यायचा आणि विषय संपला.

सिडकोवाली
एक खोका असेपर्यंत संपतो. फिल्टर, पेजिंग, रिट्राय आले की तेच सगळं हातानं लिहीत बसाल.

सातपूर_एमआयडीसी
नियमच हवा असेल तर आधी लिंटला (कोडमधल्या चुका आपोआप शोधणाऱ्या साधनाला) लावा: प्रॉमिस मोकळं सोडायचं नाही. अवेट विसरलं आणि ते प्रॉमिस रिजेक्ट झालं, तर नोड १५पासून अख्खी प्रोसेस बंद पडते. आणि 'फॉरईच'मध्ये (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणाऱ्या) असिंक फंक्शन देणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये अडवा, ते थांबत नाही. एवढं झालं की '.देन'वर मतदान घ्या. माझं मत तेव्हाही विरोधातच.