मदत हवी आहे: साताऱ्याहून गाडीने मेघालयातल्या गुहांकडे

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही सहा जण साताऱ्याहून बोलेरोने नागपूर, सिलिगुडी, गुवाहाटी करत मेघालयात निघतोय. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह, 30 किलोमीटरहून लांब गुहा, बघायची फार इच्छा आहे.

दोराची सवय आहे, पण ती आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळावरची. तिथला चुनखडक पाण्याने झिजलेला, कडा पात्यासारख्या. दोर घासू नये म्हणून काठाला काय लावता? सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

आत गार पाण्यातून चालावं लागतं. वेटसूट सातारा-सांगलीकडे भाड्याने मिळेल का? गावच्या प्रमुखांची परवानगी आधी कशी काढायची? वाटाड्या घेणारच आहोत. पावसाळ्यात गुहांत पाणी भरतं, त्यामुळे उशीर परवडणार नाही. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.