मदत हवी आहे: अ‍ॅलिस इव्हान्सचं म्हणणं तेव्हा कुणी का मानलं नाही?

मीरा_लिहिते
तातडीने मदत हवी आहे. अ‍ॅलिस इव्हान्सवरचा लेख एका परिच्छेदापाशी तीन दिवस अडकलाय. तिने १९१७ मध्ये सभेत सांगितलं, १९१८ मध्ये छापलं, तरी वर्षानुवर्षं लोकांनी मानलं नाही. का? "ती बाई होती आणि पीएचडी नव्हती" हे मला माहीत आहे, ते लिहून झालंय आणि तेवढ्याने भागत नाहीये. मला जंतूंच्या बाजूचं उत्तर हवंय. उद्या दुपारी लेख द्यायचा आहे. कृपया दुवे टाकू नका, वाचायला वेळ नाही. समजावून सांगा.

निशिगंध
कोण अ‍ॅलिस इव्हान्स? आणि काय सांगितलं तिने? तुमच्या डोक्यात सगळं आहे, आमच्या नाही. लेख कुणासाठी आहे, किती शब्दांचा, तेही नाही लिहिलंत.

मीरा_लिहिते
बरं. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, जन्म १८८१, पेनसिल्व्हेनिया. अमेरिकेच्या शेतीखात्यात दुग्धविभागात नोकरी. आधी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला चेडर चीजमधले जंतू, मग १९१३ पासून वॉशिंग्टनला. तिथे काम असं की आचळातून नुकत्याच निघालेल्या दुधात कोणते जंतू असतात ते बघायचं. त्यातून तिने ओळखलं की गाई ज्याने गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भपात होतो, तो जंतू आणि माल्टा बेटावर शेळीच्या दुधातून माणसांना ताप आणणारा जंतू हे एकमेकांच्या अगदी जवळचे आहेत. म्हणजे गाईचं निरसं दूधही माणसाला धोक्याचं. लेख दहावीच्या मुलांसाठी आहे. आता सांगा.

गोरस
निरसं दूध धोक्याचं हे मला पटत नाही. आमच्याकडे तीन पिढ्या धारोष्ण दूध पिताहेत. आजोबा नव्वदीपर्यंत पहाटे तांब्याभर प्यायचे. कुणाला काही झालं नाही. दूध इतकं वाईट असतं तर गावंच्या गावं आजारी पडायला हवी होती. शास्त्रज्ञांनी आधी याचं उत्तर द्यावं.

मीरा_लिहिते
गोरस, हाच प्रश्न संपादकांनी लाल शाईत लिहून पाठवलाय! "इतके लोक दूध पीत होते तर सगळे आजारी का पडले नाहीत? आणि पडत होते तर डॉक्टरांना दिसलं कसं नाही?" हे आधीच लिहायला हवं होतं, सॉरी.

पेशी_आणि_काच
मग सोपं आहे. कारण नावात आहे.

डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टातल्या मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून जंतू काढला. त्याला तो गोल ठिपका वाटला, म्हणून नाव मायक्रोकॉकस. १८९७ मध्ये डेन्मार्कमध्ये बांग या पशुवैद्याने गाभडलेल्या गाईंमधून जंतू काढला. त्याला ती काडी वाटली, म्हणून बॅसिलस. खरं तर हा जंतू जेमतेम अर्धा ते दीड मायक्रॉन, आखूड, गोल आणि काडी यांच्या मधला. कधी असा दिसतो, कधी तसा. मी विद्यार्थ्यांना याची स्लाइड दाखवते तेव्हा निम्मे वहीत ठिपके काढतात, निम्मे बारीक रेघा, आणि दोघांचंही चूक म्हणता येत नाही. पण एकदा एक कॉकस आणि दुसरा बॅसिलस ठरला की दोघं वेगळ्या कुळातले. वेगळ्या कुळातल्यांना शेजारी ठेवून कोण बघणार? इव्हान्सने ठेवलं. दोन्ही वाढवले, त्यांच्या रासायनिक चाचण्या घेतल्या, प्रतिपिंडांची गुठळी-चाचणी केली (प्रतिपिंडं घातली की जंतूंच्या गुठळ्या होतात का ते बघणं), गिनिपिगला टोचून बघितलं. साध्या गुठळी-चाचणीत तर दोघं वेगळे ओळखूच येत नव्हते.

त्यात आणखी एक अडचण. गाईचा जंतू शरीरातून पहिल्यांदा वाढवताना हवेत पाच-दहा टक्के कार्बन डायऑक्साइड जास्तीचा लागतो, माल्टाच्या जंतूला लागत नाही. नेहमीच्या पद्धतीने माणसाच्या रक्तात शोधायला गेलात तर गाईचा जंतू सापडणारच नाही.

डॉ_गोठा
पेशीताई, नावाची गोष्ट खरी, पण तेवढ्याने गोरस यांचं उत्तर होत नाही. खरं कारण तापात आहे. मी पशुवैद्य आहे, मला हा ताप येऊन गेलाय.

एका गाईची वार (वासरामागून पडणारी झिल्ली) पडली नव्हती, दुसरा दिवस होता. खांद्यापर्यंतचा हातमोजा आत फाटला. हात धुतला आणि विसरलो. साधारण महिन्याने सुरू झालं. सकाळी माणूस ठणठणीत, संध्याकाळी हुडहुडी, पहाटे चादर पिळावी इतका घाम. चार दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. कंबर अशी धरायची की गाडीवरून उतरवत नव्हतं. मलेरिया तपासला, नाही. टायफॉइडची औषधं दोनदा घेतली. क्षयाचा संशय घेऊन झाला. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं की तुम्ही ताण घेताय, विश्रांती घ्या. मी स्वतःच ब्रुसेलाची, म्हणजे याच जंतूची, तपासणी करा म्हणून हट्ट धरला तेव्हा निघालं. मग सहा आठवडे दोन प्रतिजैविकं.

आता विचार करा, १९१८ मध्ये ही तपासणी कोण मागणार होतं? गाईचा जंतू माणसाला काही करत नाही हे आधीच ठरलेलं. त्यामुळे रुग्ण होते, पण ते मलेरिया, टायफॉइड, क्षय, फ्लू या नावांनी नोंदले जात होते. दूध प्यायल्यावर दोन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ताप येतो, तेव्हा दुधाची आठवण कुणाला राहते?

आणि सगळे का पडत नाहीत? गाईचा जंतू माणसाला माल्टाच्या जंतूपेक्षा सौम्य. पुष्कळांना लागण होऊन जाते आणि कळतही नाही. जास्त बसतो तो आम्हाला, कसायांना आणि गोठ्यात राबणाऱ्या घरांना.

पेशी_आणि_काच
डॉक्टर, ताप ओळखता आला नाही हा परिणाम आहे, कारण नाही. नाव चुकलं म्हणून तपासणी नव्हती, तपासणी नव्हती म्हणून ताप दिसला नाही. आधी काच, मग खाट.

डॉ_गोठा
असहमत. माल्टातही नाव मायक्रोकॉकसच होतं. तरी १९०५ मध्ये तिथल्या झॅमित या डॉक्टरने शेळ्या तपासल्या, पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि रुग्ण घटले. नावाने कुणी अडलं नाही. कारण सैनिक बराकीत होते, मोजले जात होते. विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याला कोण मोजत होतं?

जुनी_वही
दोघांचं वाचलं. एक तिसरी गोष्ट घाला, कारण "मानलं नाही" म्हणजे कुणी मानलं नाही हे सांगायला हवं. मुख्य साशंक होते अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ. हे कुणी ऐरेगैरे नव्हते. गुरांचा टेक्सास ताप गोचिडातून पसरतो हे १८९३ मध्ये किलबोर्नबरोबर त्यांनीच दाखवलं. आणि १८९८ मध्ये माणसाचा आणि गाईचा क्षयजंतू वेगळा आहे हेही त्यांनीच दाखवलं. माझं मत असं की ज्या माणसाने सारख्या दिसणाऱ्या दोन जंतूंना वेगळं करून नाव कमावलं, त्याला कुणी दोन वेगळे जंतू जवळचे म्हणून सांगितलं तर तो सहज मान डोलावणार नाही. शिवाय १९०१ मध्ये क्षयाचा जंतू शोधणाऱ्या खुद्द रॉबर्ट कॉख यांनी लंडनच्या परिषदेत गाईच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही असं जाहीर केलं होतं. जनावराचा जंतू जनावराला, माणसाचा माणसाला, ही तेव्हाची हवा होती.

मीराताई, स्मिथना खलनायक करू नका. मुलांना तेच लक्षात राहील आणि ते खोटं असेल.

थंड_पेटी
याच्याशी जोडून लिस्टेरिया हा जंतूही घ्या. तोही आधी जनावरांचाच, मेंढ्या गोल गोल फिरतात तो आजार. तो चार अंशालाही वाढतो, फ्रिजमध्ये. १९८१ मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियाला कोबीच्या कोशिंबिरीतून साथ आली, त्या कोबीला आजारी मेंढ्यांच्या कळपाचं खत घातलेलं होतं. खरा धडा हा आहे. दूध पाश्चरीकरणानंतरही दूषित होऊ शकतं.

मीरा_लिहिते
थंड_पेटी, माहिती फार चांगली आहे, पण माझ्याकडे एकच परिच्छेद आहे.

वाटचाल२
ज्यांना या क्षेत्रात यायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. पशुवैद्यकीय पदवीच हवी असं नाही. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन अन्नसुरक्षा, लसनिर्मिती, रोगनिदान प्रयोगशाळा असे रस्ते आहेत. संगणकावर जनुकक्रम वाचायला शिका, आता साथीचा माग त्यावरच काढतात.

निशिगंध
हे कुणी विचारलं होतं?

पेशी_आणि_काच
विचारलं नव्हतं, पण यायचं असेल त्यांनी एवढं ऐका: ब्रुसेलाची बशी उघड्या टेबलावर उघडायची नाही आणि वासही घ्यायचा नाही. प्रयोगशाळेत काम करताना लागण होणाऱ्या जंतूंमध्ये हा फार वरचा आहे. खुद्द इव्हान्सला १९२२ मध्ये प्रयोगशाळेतच लागण झाली आणि पुढची वीसेक वर्षं ताप जाऊन येऊन राहिला. तिलाही डॉक्टरांनी नसांचा अशक्तपणा, मनाचे खेळ असंच सांगितलं होतं.

डॉ_गोठा
तिलाही? हे मला माहीत नव्हतं. ज्या बाईने आजार ओळखला तिलाच सांगितलं की आजार नाही. ताई, हे लेखात हवंच.

मीरा_लिहिते
आहे ते लेखात, शेवटी. बरं, आता हा परिच्छेद बघा:

"ब्रूसने माल्टात मेलेल्या सैनिकांच्या शरीरात एक ठिपका पाहिला. दहा वर्षांनी बांगने डेन्मार्कमध्ये गाभडलेल्या गाईत एक काडी पाहिली. ठिपका डॉक्टरांच्या पुस्तकात गेला, काडी पशुवैद्यांच्या. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणारं कुणी नव्हतं. अ‍ॅलिसने दोन्ही जंतू एका टेबलावर ठेवले आणि ते एकच निघाले. पण डॉक्टरांनी विचारलं, मग दूध पिणारी माणसं आजारी का नाहीत? ती आजारी होती. त्यांच्या कागदांवर मलेरिया लिहिलेलं होतं, टायफॉइड लिहिलेलं होतं. १९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेयर आणि शॉ यांनी तिचं म्हणणं तपासून खरं ठरवलं आणि या जंतूंना ब्रुसेला हे नाव दिलं. अमेरिकेत दुधाचं पाश्चरीकरण सक्तीचं होत गेलं ते मात्र १९३० नंतर."

पेशी_आणि_काच
छान झालंय. फक्त "एकच निघाले" काढा. तिने अगदी जवळचे म्हटलं होतं. डीएनए जुळवून सगळ्या ब्रुसेलांना एकच जाती म्हणावं असा प्रस्ताव १९८५ मध्ये आला, पण ते तिच्या तोंडी घालू नका.

डॉ_गोठा
"कागदांवर" ऐवजी "केसपेपरवर" करा. मुलांना लगेच कळेल.

मीरा_लिहिते
दोन्ही बदललं. १९२८ मध्ये ती अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेची पहिली महिला अध्यक्ष झाली ते वाक्य पुढच्या परिच्छेदात नेलं. पाठवतेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

गोरस
डॉक्टर, एक विचारू का? आमची एक म्हैस मागच्या महिन्यात गाभडली, आठवा चालू होता. उष्णतेने झालं असं आम्ही धरलं होतं.

डॉ_गोठा
दादा, आधी हे सांगा: वार कुणी उचलली? आणि गोठ्यातली बाकीची जनावरं गाभण आहेत का?

गोरस
आईने उचलली, हातानेच. उकिरड्यात टाकली. दोन गाभण आहेत. आईला ताप नाही, पण पंधरा दिवस कंबर धरलीय म्हणते. वयामुळे असेल असं वाटलं.

डॉ_गोठा
म्हैस आजच वेगळी बांधा. तिन्ही जनावरांचं रक्त तपासायला द्या. तोवर निरसं दूध कुणीच प्यायचं नाही, चांगली उकळी फुटू द्या. पुन्हा कुणी गाभडली तर उघडा हात लावू नका, वार आणि गर्भ चुना टाकून खोल पुरा. आणि आईंना उद्याच घेऊन जा. डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून सांगा की घरी म्हैस गाभडली आहे आणि वार यांनी उचलली. ते आपणहून विचारत नाहीत.

गोरस
सकाळी नेतो.