‘बाय फ्रायडे’ की ‘टिल फ्रायडे’? मराठीत दोन्ही ‘शुक्रवारपर्यंत’च ना?

प्रश्न:
‘शुक्रवारपर्यंत थांबा’ला ‘वेट टिल फ्रायडे’ चालतं, मग ‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा’ला ‘सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ का चालत नाही? आणि टिल नि अनटिल यांत काही फरक आहे का?

उत्तर १:
घोळ आपल्या ‘पर्यंत’चा आहे, तो एकटा दोघांचं काम करतो. तारखेकडे नाही, क्रियापदाकडे बघा. थांबणं, झोपणं, काम करत राहणं हे त्या वेळेपर्यंत सलग चालतं, तिथे टिल. पाठवणं, पोचणं, संपवणं हे एकदाच घडतं, मुदतीआधी कधीही, तिथे बाय. शंका आली तर ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत पाठवा’ जमतं, ‘शुक्रवारच्या आत थांबा’ जमत नाही. फक्त ‘आत’ म्हटलं की शुक्रवार वगळल्यासारखा वाटतो. बायमध्ये तो धरलेला असतो. वगळायचा असेल तर ‘बिफोर फ्रायडे’.

उत्तर २:
नकारात खरी गंमत आहे. ‘शी डिडन्ट कम टिल फाइव्ह’ म्हणजे ती आली, पण पाचला. ‘शी हॅडन्ट कम बाय फाइव्ह’ म्हणजे पाच वाजले तरी पत्ता नव्हता. पुढे आली का, ते या वाक्यातून कळत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘ती पाचपर्यंत आली नाही’.

आणखी एक हमखास चूक. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब’ जसंच्या तसं नेलं की ‘वेट अनटिल ही डझन्ट कम’ होतं. तो ‘नाही’ मराठीला लागतो, इंग्रजीत तो अनटिलच्या पोटातच आहे. ‘वेट अनटिल ही कम्स’, बस. ‘येईपर्यंत’मध्ये भविष्यकाळ ऐकू येतो म्हणून ‘विल कम’ही लिहू नका.

उत्तर ३:
टिल आणि अनटिल यांचा अर्थ एकच. टिल हे अनटिलचं लघुरूप आहे असं वाटतं, पण टिलच जुना शब्द. स्पेलिंगमध्ये मात्र टिलला दोन ‘एल’, अनटिलला एक. वाक्याच्या सुरुवातीला आणि औपचारिक मजकुरात अनटिल बरा दिसतो.

प्रश्नकर्ता:
मग ‘अर्ज शुक्रवारपर्यंत स्वीकारले जातील’ला काय?

उत्तर १:
अनटिल, कारण स्वीकारणं चालू राहतं. त्याच सूचनेत ‘अर्ज शुक्रवारपर्यंत भरावा’ असेल तर तिथे बाय. मात्र ‘अनटिल फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही यावरून वाद होतात. सूचनेत सरळ ‘अनटिल ५ पी.एम. ऑन फ्रायडे’ लिहा.