आयात मालावर औंस कशाला? ग्रॅम-मिली पुरेत

पेठकरी:
कॅम्पातल्या दुकानात अमेरिकन मेपल सिरप आणि मध शेजारी शेजारी. दोन्ही बाटल्यांवर ठळक १२. सिरपवर फ्लुइड औंस, म्हणजे ३५५ मिली. मधावर नुसते औंस, म्हणजे ३४० ग्रॅम. एक माप आकारमानाचं, दुसरं वजनाचं, नाव मात्र तेच. दशमान मापं आपल्याकडे १९५८ पासून लागू व्हायला लागली. इथे विकायचंय ना? मग औंस खोडून आणा.

कोथरूडकर:
अहो, कंसात ग्रॅम छापलेले असतात की! अमेरिकेच्या कायद्यानेच १९९४ पासून बहुतेक मालावर दोन्ही मापं द्यावी लागतात. तुमच्यासाठी वेगळं लेबल छापायचं तर तो खर्च एमआरपीतच चढणार. आणि औंस खोडून ग्रॅम-मिलीचा घोळ कुठे मिटतो? सिरप मिलीत, मध ग्रॅममध्येच राहणार.

पेठकरी:
राहू दे. पण ग्रॅम आणि मिली वेगळे आहेत हे शाळकरी पोरालाही कळतं. औंस वाचून कळत नाही, मुद्दा तो आहे.

सोनंनाणं:
लक्ष्मी रोडवर सोनं तोळ्यात विचारायचं, मुळशीत जमीन गुंठ्यात, टीव्ही इंचात. आणि औंसाचा तेवढा राग! जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता सराफ १० ग्रॅमचा धरतात. कोणाचं काय अडलं?

पेठकरी:
बोला हो खुशाल तोळ्यात. पावती ग्रॅममध्येच मिळते आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आरच असतात. लेबल ही लिखापढी आहे, गप्पा नव्हेत.

ओव्हनवाली:
तुम्ही दोघंही पुढच्या बाजूवरच भांडताय. बाटली उलटी करा. पोषणाचा तक्ता 'दोन टेबलस्पून'च्या हिशेबाने असतो. पीनट बटरचे दोन टेबलस्पून म्हणजे ३२ ग्रॅम, दुसऱ्या पदार्थाचे वेगळेच. साखर किती हे दोन डब्यांत ताडून बघायचं तर त्रैराशिक मांडा. आपल्या नियमात दर १०० ग्रॅमचा आकडा लागतो, पण आयातदार तो बारक्या स्टिकरवर देतो. मी घेतलेल्या एका डब्यावर तर ते स्टिकर मूळ घटकयादीवरच डकवलेलं होतं. औंस असोत-नसोत, मला पर्वा नाही. मेजरिंग कप माझ्याकडेही आहेत, केक त्यांनीच होतो.

कोथरूडकर:
हे पटलं. १०० ग्रॅमचा आकडा ठसठशीत हवा, स्टिकर मोकळ्या जागी हवं. औंस राहू देत बिचारे.

पेठकरी:
स्टिकरचं मान्य. औंसाचं नाही.