गुर्ना आधी काय करत होते?

कुणीतरी विचारलंय की २०२१ चं साहित्याचं नोबेल मिळेपर्यंत कादंबरीकार अब्दुलरझाक गुर्ना हे नाव आपण ऐकलंच कसं नव्हतं, आधी ते करत तरी काय होते? अहो, मास्तरकी करत होते की! १९६४ ला झांझिबारात (पूर्व आफ्रिकेजवळचं बेट, गुर्नांचं गाव तिथलं) क्रांती झाली, अरब वंशाच्या लोकांचे हाल झाले, हा पोरगा अठरा-एकोणीसचा असताना इंग्लंडात आला, १९८२ ला केंट युनिव्हर्सिटीची पीएचडी आणि मग तिथेच इंग्रजी शिकवत राहिले ते पार रिटायर होईपर्यंत. पहिली कादंबरी १९८७ ला, म्हणजे चाळिशीच्या तोंडावर. 'पॅरडाइझ' १९९४ ला बुकर पुरस्काराच्या शॉर्टलिस्टमधे होती (त्यात कालासिंगा नावाचा शीख मेकॅनिक आहे, भारी पात्र).

माझी फेवरेट मात्र 'बाय द सी'. साठी उलटलेला एक म्हातारा लंडनच्या गॅटविक विमानतळावर उतरतो, सामानात महोगनीची छोटी पेटी आणि पेटीत ऊद, इमिग्रेशनवाला ती हुंगतो नि सरळ ठेवूनच घेतो, आणि या बाबाला इंग्रजी चांगलं येत असून तो येत नसल्याचं सोंग घेऊन बसलेला, कारण तिकीट देणाऱ्याने तसं पढवलेलं! तो सीन मी दोनदा वाचला. प्लॉट पुढे जरा रेंगाळतो, पण धीर धरा.

बाकी नोबेलचा फोन आला तेव्हा गुर्ना किचनमधे चहा करत होते म्हणे, त्यांना वाटलं कुणीतरी काहीतरी विकायला फोन केलाय.