भूमिगत कोळसा खाणीची सुरक्षा-नोंद कशी वाचावी?

प्रश्न – श्रीरंग

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाची एका भूमिगत कोळसा खाणीत कनिष्ठ अभियंता म्हणून निवड झाली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना १९७५ साली चासनाळा खाणीत पाणी घुसून झालेली दुर्घटना आठवते, त्यामुळे त्यांचा या नोकरीला विरोध आहे. भाऊ मात्र त्या खाणीच्या नोंदीकडे बोट दाखवतो. गेल्या पाच वर्षांत तेथे एकही प्राणघातक अपघात झालेला नाही, आणि दर दहा लाख टन उत्पादनामागे होणाऱ्या मृत्यूंचा कंपनीचा दर वर्षानुवर्षे उतरत आला आहे.

दोन्ही बाजूंना आपापल्या जागी आधार आहे असे मला वाटते, परंतु निर्णय भीतीवरही नको आणि एका आकड्यावरही नको. पाच वर्षे मृत्यू झाला नाही, याचा अर्थ खाण सुरक्षित आहे असा घेता येतो का? टनामागचा दर कितपत विश्वासार्ह मानावा? आणि रुजू होण्यापूर्वी भावाने नेमके काय विचारावे? या क्षेत्रातील जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ – मा. द. (निवृत्त खाण अभियंता)

श्रीरंगजी, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

भूमिगत खाणीतील अपघात दोन निरनिराळ्या स्वभावांचे असतात. पहिल्या प्रकारात छताचा किंवा बाजूच्या भिंतीचा तुकडा अंगावर पडणे, कोळशाच्या डब्यांखाली किंवा दोरखंडात सापडणे, कन्व्हेयरच्या पट्ट्यात हात जाणे, विजेचा धक्का बसणे असे अपघात येतात. त्यांत एका वेळी एक किंवा दोन माणसे दगावतात, आणि वर्षाची आकडेवारी प्रामुख्याने त्यांचीच बनलेली असते. दुसऱ्या प्रकारात वायूचा किंवा कोळशाच्या धुळीचा स्फोट, आग आणि पाण्याचा लोंढा हे येतात. ते क्वचित होतात, पण झाले की संपूर्ण पाळी घेऊन जातात. पहिल्या प्रकारचे अपघात कमी झाले म्हणून दुसऱ्या प्रकारचा धोका कमी झाला असे होत नाही, कारण दोघांची कारणेच वेगळी आहेत. हातमोजे, हेल्मेट आणि जागोजागी लावलेले सूचनाफलक मिथेनला, म्हणजे कोळशातून सुटणाऱ्या ज्वलनशील वायूला, अडवत नाहीत.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या वेस्टरे खाणीचे उदाहरण पाहा. ही खाण सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झाली आणि त्या वर्षीच्या कमी अपघात-दराबद्दल तिला जॉन टी. रायन सुरक्षा पुरस्कार मिळाला. पुरस्काराला काही दिवस होतात न होतात तोच, ९ मे १९९२ च्या पहाटे, तेथे स्फोट झाला आणि भूमिगत असलेले सर्वच्या सर्व २६ जण मृत्युमुखी पडले. मिथेन पेटला, त्या धक्क्याने खाणीत साचलेली कोळशाची धूळ हवेत उठली आणि तिचाही स्फोट झाला. ती धूळ पेटू नये म्हणून तिच्यावर जी दगडी भुकटी मारायला हवी होती, ती पुरेशी मारलेलीच नव्हती. पुरस्कार देणाऱ्यांनी अपघात मोजले होते, धूळ मोजली नव्हती.

न्यूझीलंडमधील पाइक रिव्हर खाणीची कथा याहून उद्वेगजनक आहे. १९ नोव्हेंबर २०१० रोजी तेथे झालेल्या स्फोटात २९ जण मरण पावले आणि केवळ दोघे चालत बाहेर आले. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाला असे आढळले की, स्फोटापूर्वीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणापर्यंत पोहोचल्याच्या २१ नोंदी आणि त्याहून कमी, पण तरीही धोकादायक प्रमाणाच्या आणखी २७ नोंदी खाणीच्या स्वतःच्या कागदपत्रांतच होत्या. कुणाला काही कळत नव्हते असे नाही. माणसे प्रत्येक पाळीत लिहून देत होती, परंतु त्या लिहिण्यावरून काम थांबवण्याचा निर्णय कुणी घेतला नाही. मुख्य पंखा जमिनीवर बसवण्याऐवजी भूमिगत बसवलेला होता, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे हवेच्या उभ्या विवरातील शिडी होती, आणि कोळसा लवकर निघावा म्हणून बोनस जाहीर झालेला होता. १८ नोव्हेंबरला कुणी त्या खाणीचा मृत्यूंचा आकडा पाहिला असता, तर त्याला तेथे काळजीचे काहीच दिसले नसते.

वायूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण भावाला पहिल्या दिवसापासून त्याच्याशीच गाठ आहे. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असेल तर ते मिश्रण स्फोटक असते आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास स्फोट सर्वांत तीव्र होतो. मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो छतालगत, विशेषतः कोळसा काढून घेतल्यावर उरलेल्या पोकळीत, म्हणजे गोफात, साचतो. म्हणून छातीच्या उंचीवर घेतलेले मोजमाप फसवे ठरू शकते. भारतीय नियमांनुसार एखाद्या विभागातून परतणाऱ्या हवेत ज्वलनशील वायू ०.७५ टक्क्यांपेक्षा आणि खाणीत कोणत्याही ठिकाणी १.२५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. या मर्यादा स्फोटाच्या पातळीपासून दूर ठेवल्या आहेत, कारण हवेचा प्रवाह एकदा अडला की वायूचे प्रमाण झपाट्याने चढते.

स्फोटातून वाचलेल्यांना पुढे कार्बन मोनॉक्साइड गाठतो. १९४२ साली चीनमधील बेन्शीहू खाणीत १,५४९ माणसे गेली, ती जगातील आजवरची सर्वांत मोठी कोळसा खाण दुर्घटना होय, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू ज्वाळांनी नव्हे, तर या वायूने झाले. आग विझावी म्हणून हवेचा पुरवठाच बंद केला गेला होता. २०१४ साली तुर्कस्तानातील सोमा येथे ३०१ कामगार गेले, तेथेही बहुतेकांचा घास याच वायूने घेतला. म्हणून कमरेला अडकवलेले सेल्फ-रेस्क्यूअर, म्हणजे विषारी वायूतून बाहेर पडेपर्यंत श्वास घेता यावा यासाठीचे उपकरण, अंधारात, चाचपडत, काही सेकंदांत चढवता येते की नाही, याला मी कोणत्याही पुरस्कारापेक्षा अधिक महत्त्व देतो.

उत्तर २ – वैशाली (संख्याशास्त्र)

वरील उत्तराला आकड्यांच्या बाजूने जोड देते.

समजा एका खाणीत ५०० माणसे काम करतात आणि तेथील खरा धोका वर्षाला दर हजार कामगारांमागे अर्धा मृत्यू इतका आहे. म्हणजे सरासरीने चार वर्षांत एक मृत्यू अपेक्षित आहे. अशा खाणीत निव्वळ योगायोगाने सलग पाच वर्षे एकही मृत्यू न होण्याची शक्यता सुमारे २९ टक्के असते. धोका कुठेही कमी झालेला नसताना, अशा दर दहा खाणींपैकी जवळजवळ तीन खाणी पाच वर्षांनी ‘शून्य मृत्यू’ असा फलक अभिमानाने लावू शकतील. एका खाणीची पाच वर्षे ही फार लहान खिडकी आहे. संपूर्ण देशाच्या उद्योगातसुद्धा वर्षे अशी हुलकावणी देतात. अमेरिकेत २००९ साली कोळसा खाणींत १८ मृत्यू झाले आणि पुढच्याच वर्षी ४८. या ४८ पैकी २९ एकट्या अपर बिग ब्रँच खाणीतील एका स्फोटाचे होते.

टनामागच्या दराबद्दल मला अधिक आक्षेप आहे. हा दर माणसाचा धोका मोजत नाही, कोळशाच्या एका टनामागे किती जीव गेले ते मोजतो. एखाद्या कंपनीने मोठी खुली खाण सुरू केली, किंवा हाताने कोळसा काढण्याऐवजी यंत्र आणले, तर उत्पादन अनेक पटींनी वाढते आणि दर आपोआप खाली येतो. भूमिगत खाणीत उतरणाऱ्या माणसाचा धोका मात्र जिथल्या तिथे राहू शकतो. म्हणून भावाने दोन गोष्टी मागाव्यात. पहिली म्हणजे, भूमिगत आणि खुल्या खाणींचे आकडे वेगवेगळे करून मिळावेत. दुसरी, दर टनामागे नव्हे, तर दर तीन लाख मनुष्यपाळ्यांमागे (एका माणसाने केलेली एक पाळी म्हणजे एक मनुष्यपाळी) मिळावा. भारतात ही पद्धत रूढ आहेच, त्यामुळे ती माहिती उपलब्ध नाही असे उत्तर मिळाले तर ते पटण्यासारखे नसेल. कंत्राटी कामगारांच्या पाळ्या आणि त्यांचे अपघात या आकड्यांत धरले आहेत की नाहीत, हेही विचारायला हवे, कारण सर्वांत जोखमीची कामे पुष्कळदा त्यांच्याकडेच असतात.

आकडेवारी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. दीर्घ काळावर ती खरेच बोलते. अमेरिकेत १९०७ या एका वर्षात कोळसा खाणींत ३,२०० हून अधिक माणसे मेली. चीनमध्ये २००२ साली हा आकडा सुमारे ७,००० होता, तो २०२० पर्यंत २२५ वर आला. लहान, निकृष्ट खाणी बंद झाल्या, वायू आधी शोषून घेण्याची व्यवस्था झाली, यंत्रे आली आणि तपासणी कडक झाली. एवढी घट योगायोगाने होत नाही.

श्रीरंग

दोघांचेही मनापासून आभार. टनामागच्या दराबद्दलचा मुद्दा मी भावाला वाचून दाखवला आणि त्याने भूमिगत खाणीचे वेगळे आकडे मागायचे ठरवले आहे. आता घरच्यांची मुख्य भीती पाण्याची आहे, त्याबद्दल कुणी लिहील का? आजच्या काळात, इतकी साधने असताना, चासनाळासारखे काही घडू शकते का?

उत्तर ३ – दिगंबर (खाण सर्वेक्षक)

घडू शकते, आणि त्याचे मूळ बहुधा नकाशात असते.

२७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाळा येथे शेजारच्या जुन्या कामांतील, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळ्यांतील, साचलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि अधिकृत आकड्यानुसार ३७५ माणसे गेली. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी पश्चिम बंगालमधील राणीगंज पट्ट्यातील महाबीर खाणीतही पाणी जुन्या कामांतूनच शिरले. तेथे सहा जण गेले, पण अडकलेल्या ६५ जणांना जसवंतसिंग गिल यांनी जमिनीतून छिद्र पाडून आणि पोलादी कॅप्सूल खाली सोडून एकेक करून वर काढले, आणि त्यासाठी ते स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली उतरले. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील क्वीक्रीक खाणीत नऊ जण अडकले, कारण शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीचा जो नकाशा हाताशी होता, त्यात शेवटी झालेले काम दाखवलेलेच नव्हते. ते नऊही जण वाचले. तीन देशी-परदेशी घटना, तिन्हींत जुनी पोकळी, आणि ती नेमकी कुठपर्यंत येते याविषयीचा चुकीचा भरवसा.

आपल्याकडचा नियम असा की, पाणी साचलेल्या जुन्या कामांपासून ६० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय काम नेता येत नाही, आणि नेल्यास पुढे छिद्रे पाडून चाचपणी करत जावे लागते. नियम चांगला आहे, पण हे अंतर जुन्या नकाशावरूनच मोजले जाते. खाण बंद होत असताना शेवटच्या महिन्यांत काढलेला कोळसा नकाशावर चढवण्याची घाई कुणालाच नसते. म्हणून मी नेहमी विचारतो की शेजारच्या जुन्या खाणीचा शेवटचा सर्वे खाण सोडण्याच्या आधीचा आहे की नंतरचा, आणि चाचपणीच्या छिद्रांची नोंदवही कुठे आहे. आपल्या भावानेही हेच विचारावे, आणि ती वही स्वतः उघडून पाहावी.

छताबद्दल थोडेच लिहितो. छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब काढून घेण्याचे, म्हणजे डिपिलरिंगचे काम चालू असेल, तर गोफाच्या कडेला छताचा भार सतत बदलत असतो आणि तेथे आधार न दिलेल्या छताखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये. पाळी सुरू होताना सरदार, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षा तपासणारा पर्यवेक्षक, छत काठीने ठोकून आवाज ऐकतो का, आणि पोकळ आवाज आल्यावर त्याचा शब्द अखेरचा मानला जातो की वरून फोन येतो, एवढ्यावरून त्या खाणीविषयी पुष्कळ कळते.

अपर बिग ब्रँचचा उल्लेख वर आला आहे, त्यात भर घालतो. तेथील चौकशीत असे निष्पन्न झाले की नोंदवह्यांचे दोन संच ठेवले जात होते, आणि उत्पादन व देखभालीच्या अंतर्गत वहीत लिहिलेले काही धोके कायद्याने आवश्यक असलेल्या तपासणी-वहीत येतच नव्हते. त्यामुळे वही पाहताना गेल्या काही महिन्यांतील दोषांच्या नोंदी वाचाव्यात आणि तो दोष कधी दूर झाला याची तारीख शोधावी. ज्या वहीत महिनोन्महिने ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिले आहे, त्या वहीचीच मला चिंता वाटते. चालत्या खाणीत रोज काही ना काही बिघडतच असते.

उत्तर ४ – डॉ. मंजिरी

खाण विषयावरील तज्ज्ञ येथे आहेतच, मी फक्त अपघाताच्या वहीत कधीही न येणाऱ्या मृत्यूंकडे लक्ष वेधते. कोळशाची आणि तिच्याबरोबर उडणारी वाळूच्या खडकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात बसत जाते आणि न्यूमोकोनिओसिस होतो. अमेरिकेत १९६८ पासून ७६,००० हून अधिक खाण कामगारांच्या मृत्यूला हा आजार कारणीभूत ठरला किंवा त्यात त्याचा वाटा होता; तेथील सर्व खाणस्फोटांचे बळी त्यापुढे थोडे वाटावेत. हा आजार इतिहासजमा झाला असेही समजू नये. अमेरिकेतील मध्य ॲपलाचिया या कोळसा पट्ट्यात पंचवीस किंवा अधिक वर्षे काम केलेल्या कामगारांपैकी दर पाचांत एकाला तो असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. पातळ थरांतील कोळसा काढताना यंत्र खडकही कापते आणि त्यातून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसाला कोळशापेक्षा अधिक इजा करते.

झालेली इजा भरून येत नाही, त्यामुळे सारी भिस्त वेळीच ओळखण्यावर आहे. श्रीरंगजी, आपल्या भावाने पहिल्या पाळीपूर्वी छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी करून घ्यावी, त्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात आणि पुढची प्रत्येक तपासणी त्या पहिल्या चित्राशी ताडून पाहण्याचा आग्रह धरावा. यंत्राच्या दातांवर पाण्याचे फवारे चालू आहेत की नाहीत, हे अभियंता म्हणून त्याला रोज दिसेल; ते बंद असतील तर दुरुस्ती होईपर्यंत यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का, हे त्याने नेमणुकीच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे.