मदत हवी आहे: रात्रीचा सिनेमा दोघींना हेडफोनवर ऐकायचाय

मुलगा यंदा दहावीत, हॉलमध्येच अभ्यासाला बसतो. रात्री भांडी आवरली की मी आणि सासूबाई सिनेमा लावतो, दिवसातले तेवढेच दोन तास आमचे. त्याच्यासाठी आवाज बारीक ठेवावा लागतो आणि कूलरच्या घरघरीत संवाद कळतच नाहीत. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद कोण ठेवणार!

ब्लूटूथ हेडफोन लावून पाहिला. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. रडण्याच्या प्रसंगात तर जीव तुटतो. टीव्हीतलं 'ऑडिओ डिले' बदललं, पण त्याने आवाज आणखी उशिरा येतो. शिवाय दुसरा हेडफोन जोडला की पहिला सुटतो.

टीव्हीला हेडफोनची पिन लावायची जागा नाही. आवाज बाहेर काढायला मागे ऑप्टिकल आणि एचडीएमआय एआरसी अशा दोनच जागा आहेत. सोफा दहा फुटांवर. सासूबाईंना कानात घालायचं चालत नाही, कानावर बसणाराच हवा. बजेट दोन हजार.

ऑप्टिकलला डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर (डिजिटल आवाज साध्या हेडफोनला चालेल असा करून देणारी डबी) लावून वायरचे दोन हेडफोन चालतील का? सासूबाईंना माझ्यापेक्षा मोठा आवाज लागतो, तो वेगळा वाढवता येईल असं काही बर्डीवर, म्हणजे इथल्या सीताबर्डीच्या बाजारात, मिळतं का?